जन्माने गुन्हेगार

३ फेब्रुवारी १८३२ या दिवशी पुण्यात मामलेदार कचेरीच्या आवारात उमाजी नाईक या रामोशी पुढाऱ्यास फाशी देण्यात आली, तेव्हा पेशवाई अस्तास जाऊन पुरती चौदा वर्षेही लोटली नव्हती; आणि ज्या घराण्याकडे पुरंदरच्या राखणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्या घराण्यातला हा पुरुष एवढ्या अल्पावधीत राज्याच्या रखवालदाराचा राज्याचा अपराधी कसा झाला, हा प्रश्न त्याला पकडण्याची कामगिरी ज्याच्यावर सोपविली होती त्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यालाही टाळता आला नाही. फाशीच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३३ साली, त्याने रामोशी लोकांचा उगम, त्यांच्या चालीरीती आणि त्यांची तत्कालीन स्थिती यांचे सविस्तर वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याने बंडखोरांचा पाठलाग केला त्यानेच त्यांचा इतिहास लिहावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे; कारण माणूस गुन्हा का करतो या प्रश्नाचे एक उत्तर त्या हकीगतीतच दडलेले होते, आणि पुढे सुमारे चाळीस वर्षांनी हिंदुस्थान सरकारने जेव्हा त्याच प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या रूपाने दिले, तेव्हा ते नेमके उलट दिले. त्या उत्तराने लक्षावधी माणसांच्या आयुष्याची काय दशा केली, ती हकीगत सांगण्याचा येथे विचार आहे.

प्रथम आपल्या मुलखातली जुनी व्यवस्था समजून घेतली पाहिजे. दख्खनच्या गावगाड्यात राखणीचे काम रामोशी, बेरड, मांग, भिल्ल यांपैकी त्या त्या प्रदेशात जी जमात असे तिच्याकडे असे. जागल्याने रात्री गस्त घालावी, गावात कोण परका आला व कोण गेला ते ध्यानात ठेवावे, आणि चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावे व तेथे तो माग शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावा. माग जेथे अडेल त्या गावाने चोरीस गेलेला माल भरून द्यावा, अशी ती पद्धत होती. या कामाच्या मोबदल्यात जागल्याला गावकऱ्यांकडून धान्य मिळे, काही ठिकाणी इनाम जमीन मिळे, आणि गडकोटांवरील नाईकांना सरकारातून नेमणुका असत. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल सादर केला त्यात या व्यवस्थेची नोंद आहे, आणि तिचे सामर्थ्य त्या चतुर राजकारण्याला उमगलेले होते.

याचा अर्थ असा नव्हे की या जमातींतले सारेच लोक साधुसंत होते. दूरच्या मुलखात जाऊन दरोडे घालणाऱ्या टोळ्या त्यांच्यात होत्या, प्रसंगी रखवालदार आणि चोर हे एकाच पंक्तीला जेवत, आणि गावाने दिलेला हक्क हा कित्येकदा संरक्षणाचा मोबदला असे तसा उपद्रव न देण्याचाही मोबदला असे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, असे आपली म्हण सांगते; पण जुन्या राज्यकर्त्यांनी शतकानुशतके नेमके तेच केले आणि किल्ल्या हाती आलेल्यांपैकी बहुतेकांनी जामदारखाना राखला. ज्याला मान, जमीन आणि काम आहे तो माणूस ते गमावण्याची जोखीम सहसा घेत नाही, एवढे मानवी स्वभावाचे ज्ञान त्या व्यवस्थेच्या मुळाशी होते.

१८१८ नंतर हा आधार निखळला. कंपनी सरकारला गडांवरील शिबंदीची गरज उरली नाही. किल्ले ओस पडले, नेमणुका बंद झाल्या, आणि बंदोबस्ताचे काम हळूहळू मॅजिस्ट्रेटच्या हुकमाखालील पगारी शिपायांकडे गेले. ज्यांना राखणीखेरीज दुसरा व्यवसाय ठाऊक नव्हता आणि ज्यांच्यापाशी पोट भरण्याइतकी जमीनही नव्हती, ते लोक पुरंदर-सासवडच्या डोंगरांत शिरले. भिवडीचा उमाजी हा त्यांचा म्होरक्या झाला. सरकारने मध्यंतरी त्याला माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतले होते. पण तो सलोखा टिकला नाही, उमाजी पुन्हा डोंगरात गेला, आणि १५ डिसेंबर १८३१ रोजी आपल्याच माणसांच्या फितुरीने धरला गेला. सरकारने त्याला चाकरीत घेतले त्या काळात ती जुनी, अनुभवाने सिद्ध झालेली उपाययोजना क्षणभर पुन्हा अंमलात आली होती. ती पुढे नेटाने चालविली गेली असती तर काय झाले असते, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच सुमारास युरोपातही हा प्रश्न विचारवंतांना छळत होता. मिलान शहरात बेकारिया नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुण सरदाराने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षा यांवर एक लहानसे पुस्तक लिहून सबंध खंडात खळबळ उडविली होती. त्याचे म्हणणे असे, की गुन्हेगार हा तुमच्या-आमच्यासारखाच बुद्धीने चालणारा प्राणी आहे. लाभ आणि हानी यांचा तो मनाशी हिशेब करतो. म्हणून शिक्षा क्रूर असण्याचे कारण नाही, ती निश्चित, त्वरित आणि अपराधाच्या प्रमाणात असली म्हणजे पुरे. इंग्लंडात बेंथॅमने हा विचार पुढे नेला, आणि बेंथॅमच्या विचारांचा गाढ संस्कार झालेल्या मेकॉलेने कलकत्त्यास बसून १८३७ साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा तयार केला. १८६० साली मंजूर होऊन १८६२ च्या आरंभी अंमलात आलेल्या त्या संहितेत चोरी म्हणजे काय, दरोडा म्हणजे काय, मनुष्यवध आणि खून यांत भेद कोणता, याची व्याख्या इतकी काटेकोर आहे की आरोपीची जात, कुळ किंवा जन्म यांना तेथे जागाच उरत नाही. विशिष्ट माणसाने विशिष्ट कृत्य केले काय, एवढाच तिचा प्रश्न.

यापेक्षा वेगळ्या वाटेने ब्रुसेल्सचा गणिती केटले गेला. फ्रान्सच्या न्यायालयांची वार्षिक कोष्टके तपासताना त्याला असे दिसले की दरवर्षी गुन्ह्यांची संख्या, त्यांचे प्रकार, इतकेच काय पण गुन्हेगारांचे वयोमानही आश्चर्यकारक सातत्याने पुन्हा पुन्हा तेच येते. माणसे बदलतात आणि आकडे तेच राहतात, तेव्हा कारण केवळ माणसात असू शकत नाही. समाजाच्या रचनेतच गुन्ह्याची पूर्वतयारी होत असते, असा निष्कर्ष त्याने १८३५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पुढे १८६७ साली बव्हेरियाच्या गेओर्ग फॉन माइर याने धान्याचे भाव आणि चोऱ्यांचे प्रमाण शेजारीशेजारी ठेवून दाखविले, की राय नावाचे धान्य महागले की चोऱ्या वाढतात व स्वस्त झाले की उतरतात. आपल्याकडे दुष्काळात धान्याच्या पेवांवर कोणाची दृष्टी जाते हे कोणाही पाटलाला ठाऊक होते; पण जे पाटलाला अनुभवाने ठाऊक असते ते सरकारदरबारी कोष्टकाने सिद्ध व्हावे लागते.

म्हणजे १८७१ साल उजाडले तेव्हा दोन विचार राज्यकर्त्यांच्या हाताशी होते, आणि त्यांपैकी एक तर प्रत्यक्ष कायद्याच्या पुस्तकात उतरला होता. असे असता तिसराच विचार का उचलला गेला? त्याचे बीज ठगांच्या बंदोबस्तात आहे. मध्य हिंदुस्थानात वाटसरूंना गळफास लावून लुटणाऱ्या टोळ्यांचा नायनाट स्लीमन या अधिकाऱ्याने १८३० नंतरच्या दशकात केला. त्याची पद्धत अशी की पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करावयाचे, त्यांच्याकडून साथीदारांची नावे काढावयाची, आणि कोणाचा बाप कोण व कोणाचा मेहुणा कोण याच्या वंशावळी तयार करावयाच्या. विशिष्ट खून विशिष्ट ठगाने केला हे सिद्ध करणे कठीण जाते म्हणून १८३६ साली खास कायदा करण्यात आला: ठगांच्या टोळीत सामील असणे, एवढ्याच गोष्टीबद्दल जन्मठेप. त्या वेळी हा अपवाद होता. भीषण गुन्ह्यासाठी केलेला, मर्यादित उद्देशाचा. परंतु कायद्यात एकदा पडलेली फट आपोआप बुजत नाही. ठगांच्या निमित्ताने अधिकाऱ्यांच्या मनात जी समजूत रुजली, की या देशात गुन्हा हा कुळाचार असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो, ती ठग नाहीसे झाल्यावरही राहिली आणि नवे धनी शोधू लागली.

धनी मिळण्यास उशीर लागला नाही, कारण त्याच वर्षांत या देशाच्या रस्त्यांवरची वर्दळच पालटत होती. शतकानुशतके मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून कोकणातून देशावर आणि देशावरून वऱ्हाडात नेणारे बंजाऱ्यांचे तांडे, ज्यांच्या लदेणीशिवाय मोगलांच्या किंवा मराठ्यांच्या फौजा एक मजलही चालल्या नसत्या, ते आगगाडीने निकामी केले. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रेल्वेने ओलांडला. आणि एका पिढीच्या आत तांड्याचा बैल गाडीच्या डब्यापुढे हरला. १८६५ च्या आणि मग १८७८ च्या जंगल कायद्यांनी पारध्याचे रान आणि कैकाड्याच्या टोपल्यांच्या फोका सरकारजमा केल्या. शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्याला स्थिर, वहिवाटदार, सरकारी दप्तरात नाव असलेला कुळवाडी समजत होता. आज या गावच्या पांढरीवर तर उद्या त्या गावच्या माळावर पाल ठोकणारा माणूस त्याला समजत नव्हता, आणि १८५७ नंतर तर जे समजत नाही त्याचा संशय घेण्याची वृत्ती राज्यकर्त्यांत बळावली होती.

१८७१ च्या ऑक्टोबरात मंजूर झालेला सत्ताविसावा कायदा, म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा, या वृत्तीतून निघाला. त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद जातिव्यवस्थेच्या आधाराने उभा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणार यात नवल कोणते? ज्या जातिव्यवस्थेची इंग्रज विद्वान एरवी निर्भर्त्सना करीत, तीच येथे शास्त्रीय प्रमाण म्हणून पुढे आली; आणि सुताराच्या मुलाला सुतारकाम बाप शिकवितो, ते त्याच्या रक्तात नसते, ही साधी गोष्ट युक्तिवादाच्या ओघात विसरली गेली. त्या वेळी सरकारचा कायदेमंत्री होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. याच स्टीफनने पाचच महिन्यांनी, मार्च १८७२ मध्ये, भारतीय पुराव्याचा कायदा सिद्ध केला, ज्याच्या आधारे पुढची दीडशे वर्षे या देशातील न्यायालये पुराव्यावाचून कोणास दोषी धरीत नव्हती. एकाच लेखणीखालून हे दोन कायदे गेले याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

कायद्याची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग गंभीर गुन्हे सातत्याने करण्यास सोकावला आहे असे प्रांतिक सरकारास वाटले, की त्याने वरिष्ठ सरकारची मंजुरी घेऊन तसे जाहीर करावयाचे. एकदा जाहीरनामा निघाला की त्याच्या योग्यायोग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नसे. मग मॅजिस्ट्रेटाने त्या जमातीतील लोकांची नोंदवही तयार करावयाची. नाव चढले की त्या माणसाने नेमून दिलेल्या ठिकाणी राहिले पाहिजे, ठरल्या वेळी हजेरी दिली पाहिजे, आणि गावाबाहेर जावयाचे तर दाखला घेतला पाहिजे. यांपैकी काही चुकले तर सश्रम कैद, दंड वा फटके. पाटील, जागले आणि जमीनदार यांनी अशा लोकांच्या हालचालींची खबर ठाण्यावर देणे बंधनकारक. जी जमात स्वतः एके काळी गावच्या वतीने परक्यावर नजर ठेवीत होती, तिच्यावर आता सारे गाव नजर ठेवू लागले.

हा कायदा आरंभी वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब येथे लागू झाला, १८७६ साली बंगालला, आणि मग त्याला एकामागून एक दुरुस्त्या जोडल्या गेल्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. रक्तातून गुन्हा उतरतो असे एकदा मानले म्हणजे चार वर्षांचे मूल हाही भावी आरोपी ठरतो. आणि त्याच वेळी त्याला आईपासून दूर नेले तर ते सुधारेल अशी आशा धरली म्हणजे रक्ताचा सिद्धांत आपण स्वतःच सोडून दिला, असे होते. हा विरोध कोणाच्या ध्यानात आला असेल तर त्याने तो मुलाच्या हिताकडे वळविला नाही. आपल्या मांडीवरून उचलून नेलेल्या लेकराची वाट पाहणाऱ्या त्या मातांची संख्या कोणी मोजली नाही.

पुष्कळ वाचकांचा असा समज असतो की हा कायदा इटलीच्या लोंब्रोसोच्या शास्त्रातून आला. कालक्रम तसे सांगत नाही. १८७० च्या सुमारास पाविया येथे विलेल्ला नावाच्या एका कॅलाब्रियन मजुराची कवटी तपासताना डॉक्टर लोंब्रोसोला तिच्या मागच्या भागात एक खोलगट खळगा आढळला, आणि हा आदिमानवाचा, किंबहुना पशूचा, अवशेष गुन्हेगारात पुन्हा उसळी घेतो असे त्याने अनुमान बांधले. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला १८७६ साली, म्हणजे आपल्याकडील कायद्यानंतर पाच वर्षांनी. मोठा जबडा, लांब कान, दाट भुवया यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो ही त्याची शिकवण युरोपात झपाट्याने पसरली, आणि हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांना आपण आधीच करून बसलेल्या गोष्टीला शास्त्राचे पाठबळ मिळाल्यासारखे झाले. परंतु इंग्लंडच्या तुरुंगखात्यातील डॉक्टर चार्ल्स गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन ती सैनिक, विद्यार्थी अशा सामान्य माणसांच्या मापांशी ताडून पाहिली व गुन्हेगाराचा असा काही वेगळा शारीरिक नमुना नाही असे १९१३ साली, म्हणजे लोंब्रोसोच्या ग्रंथानंतर तब्बल सदतीस वर्षांनी, दाखवून दिले. आनुवंशिकतेवरचा विश्वास गोरिंगनेही पुरता सोडला नव्हता. पण कवटीच्या खळग्याचे शास्त्र तेथे संपले. दुर्दैव असे की त्याच्या दोनच वर्षे आधी, १९११ साली, आपल्याकडे तो कायदा नव्या रूपात मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला होता.

मुंबई इलाख्यात या विचाराची भूमिका मधल्या चाळीस वर्षांत तयार झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. गुरे मेली, गावे उठली, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतील कारकून वासुदेव बळवंत फडके याने बंडाचा झेंडा उभारला, तेव्हा त्याच्या मागे उभे राहिलेले पहिले लोक रामोशीच होते. दौलतराव नाईक हा त्यांतील प्रमुख. सरकारच्या दृष्टीने ही दरोड्यांची मालिका होती, आणि लुटी झाल्या हे खरेच आहे. परंतु त्या दुष्काळानंतरच झाल्या, सुकाळात झाल्या नाहीत, याची सांगड बव्हेरियाच्या धान्यभावांशी कोणी घातली नाही. १८८२ साली मेजर गनथॉर्प याने मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत येथील गुन्हेगार जमातींवर टिपणे प्रसिद्ध केली, आणि १९०८ साली केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने तशाच विषयावर मोठा ग्रंथ काढला. कोणती जमात कोणता वेष घेते, आपसांत कोणती भाषा बोलते, घर कसे फोडते, माल कोठे पुरते, याची बारीकसारीक माहिती त्यांत जमातवार लावलेली आहे. नव्या फौजदाराच्या हाती असे पुस्तक आले की समोर आलेल्या माणसाचा चेहरा त्याने वाचावयाचा नसे, फक्त प्रकरण उघडावयाचे असे.

येथे आपल्या भाषेविषयीही बोलले पाहिजे, कारण सारा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळे होणे हे सत्याला धरून होणार नाही. भामटा हे एका जमातीचे नाव आहे. आपण ते फसव्या माणसाला लावतो. बेरड हे दुसऱ्या जमातीचे नाव. आपण ते निर्लज्जाला लावतो. उचल्या म्हणजे काय हे तर सांगावयासच नको. या शब्दांना हा अर्थ इंग्रजांनी दिलेला नाही. गावाच्या कुसाबाहेर पाल ठोकू देणाऱ्या, पण विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या समाजाने तो दिला आहे. कायद्याने फक्त आपल्या शिवीला सरकारी शिक्का मारला, आणि म्हणूनच तो शिक्का इतक्या सहजासहजी बसला.

१९११ च्या कायद्याने बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली आणि पुनःपुन्हा शिक्षा झालेल्यांसाठी भयंकर वाढीव शिक्षा ठेवल्या: ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा ठरल्यास जन्मठेप काळ्या पाण्याची. याच काळात मुंबई इलाख्यात वसाहतींची योजना आकारास आली. स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याने विजापूर जिल्ह्यात तिचा आरंभ केला आणि मग हुबळी, गदग, बारामती, सोलापूर अशा ठिकाणी काटेरी तारांच्या कुंपणात कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांगगारुडी अशा जमातींची कुटुंबे आणून ठेवण्यात आली. सोलापूरची वसाहत त्यांत मोठी. तेथे ती होण्याचे कारण सरळ होते: सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविली गेली. सकाळी हजेरी, भोंग्याबरोबर गिरणी, संध्याकाळी पुन्हा हजेरी आणि रात्री कुंपणाचे फाटक बंद, असा दिवस. मुलांसाठी शाळा, मोठ्यांसाठी सक्तीचे काम. आणि ज्यांची चालचलणूक वर्षानुवर्षे निर्दोष दिसेल त्यांना तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त घर.

स्टार्टविषयी मला अनुदार होता येत नाही. त्याचा भर काम देण्यावर होता; माणसाला नियमित मजुरी आणि छप्पर मिळाले तर तो चोरी सोडतो या श्रद्धेने तो वागला, आणि गिरणीत जाणाऱ्या हजारो माणसांनी ती श्रद्धा खरी करून दाखविली. परंतु तसे असेल तर तारेचे कुंपण कशासाठी? जो कायदा गुन्हा रक्तात आहे असे म्हणत होता, त्याच कायद्याच्या अंमलाखाली, रोजगाराने गुन्हा नाहीसा होतो हा प्रयोग दर दिवशी यशस्वी होत होता. आणि त्या यशाचे श्रेय माणसाला न मिळता कुंपणाला मिळत होते. उलट बाजूने पाहिले तर हजेरी चुकविणे हाच गुन्हा. आजारी आई दुसऱ्या गावी आहे म्हणून दाखल्यावाचून गेलेला माणूस धरला जाई, त्याला शिक्षा होई, ती शिक्षा त्या जमातीच्या खाती मांडली जाई, आणि त्या जमातीत गुन्ह्यांचे प्रमाण किती मोठे आहे याच्या पुराव्यादाखल तोच आकडा पुढच्या अहवालात येई. केटलेने आकड्यांतून समाजाचा दोष वाचला होता. येथे आकडे कायदाच निर्माण करीत होता आणि दोष जन्माला लागत होता. या सर्व हकीगतीत मला सर्वांत अधिक बोचणारी गोष्ट हीच आहे.

१९२४ साली कायद्याची पुन्हा एकवार घडी बसविण्यात आली. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्टच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचे एक सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९३० साली तिचा अहवाल आला आणि त्यातून इलाख्यात मागासवर्ग खाते निर्माण झाले. आज ज्याला आपण समाजकल्याण खाते म्हणतो त्याचा एक झरा असा गुन्हेगार वसाहतींच्या कचेरीतून निघालेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते; आणि मागासलेल्या माणसाला मदत देताना त्याच्यावर आधी संशय घेण्याची, दाखल्यामागून दाखला मागण्याची जी सवय आपल्या कचेऱ्यांत दिसते, तिचाही उगम तेथवर जाऊन भिडत असावा असे मला वाटते.

राष्ट्रीय चळवळीने या प्रश्नाकडे उशिरा पाहिले. १९३६ साली पंडित नेहरूंनी नेल्लूर येथे या कायद्याचा कठोर निषेध केला आणि कोणत्याही जमातीला जमात म्हणून गुन्हेगार ठरविता येत नाही अशी भूमिका घेतली. मद्रास प्रांताने १९४७ साली आपल्यापुरता कायदा रद्द केला. १९४९ मध्ये केंद्र सरकारने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. त्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात, आणि त्यांतील पुष्कळ लोक ३१ ऑगस्ट हाच आपला मुक्तिदिन मानतात. देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी आलेला.

कायदा गेला आणि त्याच्या जागी प्रांतोप्रांती सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ सालचा. त्यांच्यात जमातीचा उल्लेख नाही, एकेका माणसाच्या मागील शिक्षांचा आहे, आणि तत्त्व म्हणून हा बदल लहान नाही. पण ठाण्याच्या दप्तरातली जुनी नावे आणि त्यांवर नजर ठेवणारे डोळे एका दिवसात बदलत नसतात. महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत. रामोशी, बेरड, बंजारा, वडार, कैकाडी त्यांतच. चोरी झाली की पहिली धाड कोणत्या पालावर पडते, हे त्या पालावरच्या पोरालाही ठाऊक असते. १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविषयी गनथॉर्प आणि केनेडी यांनी प्रकरणे लिहिली होती, त्यांच्यापैकी एकाने स्वतःचे प्रकरण स्वतः, त्याच शिवीला ग्रंथनाम करून लिहिले.

सोलापुरात तारा कधीच्या निघाल्या, गिरण्याही बंद पडल्या. पण शहराच्या त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात आणि पत्रांवर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असाच पत्ता असतो. तुरुंगांच्या नियमावल्यांतही जुने शब्द राहून गेले होते: विमुक्त जमातींतील कैद्यांना सराईत समजावे, कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा आणि कोणत्या जातीच्या कैद्याने झाडलोट करावी, अशा प्रकारचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले आणि राज्यांना आपापल्या नियमावल्या दुरुस्त करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.